मुख्यालय: डावा गाल

बोर्ली पंचतन
६ जानेवारी २०२५

चि. मैत्री,
जयभीम.

हे पत्र लिहायची वेळ तुझ्या बापाने माझ्यावर आणली आहे. परवा दादाने जाहीर केलं की त्याच्या गालाच्या गाठीबाबत विभागीय चौकशी सुरू झाली आहे, तू तिच्यात साक्षीदार आहेस, आणि चौकशी चालू असताना साक्षीदाराशी फोनवर बोलता येत नाही. जे काही असेल ते लेखी. एवढं सांगून त्याने तुझा नंबर माझ्या फोनमधून काढून टाकला. मला तो पाठ नाही. तुझा फोन आला तर तो उचलतो आणि 'लेखी कळवा' म्हणून ठेवतो, हे तू अनुभवलंच असशील. म्हणून कागद घेतला. पत्र सकाळच्या पनवेल गाडीच्या कंडक्टरजवळ देते, तू उतरवून घे.

यात पहिली चूक तुझी आहे. ऑपरेशननंतर त्याला घरी घेऊन आलीस तेव्हा ओटीवर बसून तासभर विज्ञान सांगायची काही गरज नव्हती. तू त्याच विषयात संशोधन करतेस, तुला त्याचं कौतुक असणार. पण ऐकणारा कोण आहे ते पाहावं. "बाबा, पेशीत काही आरएनए असे असतात की ते प्रथिन बनवत नाहीत. चांगले लांबलचक असतात, स्वतः काही करत नाहीत असं वाटतं, पण जिथे बसतात तिथल्या दुसऱ्यांची कामं त्यांच्यामुळे चालू होतात नाहीतर बंद पडतात. कॅन्सरच्या गाठीत हे वाढलेले सापडतात." असं तू म्हणालीस. माणूस सगळी नोकरी तहसील कार्यालयात आस्थापनेच्या टेबलावर होता. कोण कामावर येत नाही, कोण नुसता बसून दुसऱ्यांची कामं अडवतो, कुणाला नोटीस काढायची, यातच त्याचं आयुष्य गेलं. त्याने तुझं तेवढंच ऐकलं. पुढे तू रेडिएशनचं सांगितलंस ते त्याच्या कानातसुद्धा गेलं नाही.

आता त्याचं म्हणणं असं. गाठ काढली ती तातडीची कारवाई, तिला हरकत नाही. रेडिएशन ही शिक्षा आहे. खुलासा न मागता शिक्षा देता येत नाही.

मी विचारलं, "दादा, शिक्षा त्याला होणार की तुला?"

"होणार त्याला, भोगणार मी. म्हणूनच चौकशी नीट झाली पाहिजे."

त्या आरएनएचं नाव तू मलाट-१ असं सांगितलंस. जगात एवढी नावं असताना आडनावासारखं ऐकू येणारं नाव कशाला सांगावं? शेजारची मनूबाई दोन दिवस विचारते आहे, मलाट म्हणजे म्हसळ्याकडचे का. दादाने नोटीस तयार केली ती खाली उतरवून देते. मी त्यातलं एक अक्षर बदललेलं नाही.

'श्री. मलाट-१, पद नाही, मुक्काम डावा गाल, यांस. आपण कोणतेही मंजूर पद धारण करीत नसताना व प्रथिननिर्मितीचे कोणतेही काम करीत नसताना शेजारील कर्मचाऱ्यांच्या कामात हस्तक्षेप करून कार्यालयाची बेकायदा वाढ घडवून आणली, असे निदर्शनास आले आहे. आपणांवर कारवाई का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत सादर करावा.'

ही नोटीस बजावण्यात आली. म्हणजे दादा आरशासमोर तोंड उघडून उभा राहिला, प्रफुल्लने आत बॅटरी मारली आणि मी मोठ्याने वाचली. मी का वाचली असं विचारशील. दादाला तोंड उघडं ठेवून वाचता येईना म्हणून.

प्रफुल्लचं तुला माहीतच आहे. एसटीत कंडक्टर होता, दोनदा चौकशी झाली आणि दोन्ही वेळा सुटला. त्याने स्वतःहून येऊन आरोपीचा बचाव सहायक म्हणून नाव दिलं. मला सादरकर्ता अधिकारी नेमलं आहे, म्हणजे आरोप मी सिद्ध करायचे.

मी बी.एस्सी. झाले तेव्हा आमच्या प्राध्यापकांनी सांगितलं होतं की डीएनएचा बराचसा भाग निरुपयोगी असतो. मधल्या काळात तो उपयोगी केव्हा झाला हे मला कुणी कळवलं नाही. तेव्हा या मलाटबद्दल जे काही निश्चित माहीत आहे ते परतीच्या गाडीने पाठव. थोडक्यात, आणि रेडिएशन लगेच घ्यावं लागेल असं ठणकावून लिही. बाकी मी बघते.

तुझी,
क्रांतीआत्या


खारघर
१० जानेवारी २०२५

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र लॅबच्या जिन्यात बसून वाचलं आणि इतकी हसले की शेजारच्या मुलीने पाणी आणून दिलं. बाबा इतक्या जोमात आहेत हे वाचून बरं वाटलं. ऑपरेशननंतर आठवडाभर ते भिंतीकडे तोंड करून पडायचे, त्यापेक्षा ही चौकशी परवडली. करू दे त्यांना.

तू विचारलंस ते लिहिते. मलाट-१ आपल्या सगळ्यांच्याच पेशींमध्ये असतो, निरोगी माणसांतसुद्धा, आणि भरपूर असतो. पेशीच्या केंद्रकात बसून असतो, तिथून सहसा बाहेर पडत नाही. प्रथिन बनवण्याचा संदेश त्याच्यात नसतो. फुप्फुसाच्या, तोंडाच्या आणि इतर बऱ्याच गाठींमध्ये तो नेहमीपेक्षा जास्त सापडतो. जिथे जास्त, तिथे आजार दुसरीकडे पसरण्याचं प्रमाण जास्त, असं पुष्कळ अभ्यासांत दिसलं आहे. त्याचं मूळ लांब नावच त्यावरून पडलं. एवढं तू वाचून दाखव.

यापुढचं फक्त तुझ्यासाठी, ओटीवर वाचू नकोस. चित्र इतकं सरळ नाही. ज्या उंदरांतून तो मुळातच काढून टाकला ते उंदीर धडधाकट जन्मले, वाढले, त्यांना पिल्लं झाली. आणि स्तनाच्या कॅन्सरच्या एका अभ्यासात तर तो उलट वागताना दिसला, म्हणजे आजार पसरू न देणारा. तो गाठ वाढवतो, की गाठ वाढते म्हणून तोही वाढतो, यावर अजून भांडणं चालू आहेत. शिवाय बाबांच्या गाठीत तो कुणी तपासलेला नाही. मी सर्वसाधारण बोलत होते.

आता महत्त्वाचं. १५ तारखेला बाबांना इथे यायचंच आहे. रेडिएशनसाठी चेहऱ्याची जाळी बनवतात. गरम पाण्यात मऊ केलेलं प्लास्टिक चेहऱ्यावर दाबून साचा घेतात, म्हणजे रोज डोकं त्याच जागी राहतं. त्याआधी दाताचे डॉक्टर बघतील. रेडिएशनचा शेक ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. उशीर झाला तर उरलेल्या पेशींना वेळ मिळतो.

प्रफुल्लकाकांना नमस्कार सांग. मनूआजीला सांग, मलाट म्हसळ्याचे नाहीत.

तुझी,
मैत्री


बोर्ली पंचतन
१६ जानेवारी २०२५

चि. मैत्री,
जयभीम.

पंधरा तारीख गेली हे तुला ठाऊकच आहे. दादा गेला नाही. दवाखान्यात स्वतः फोन करून त्याने सांगितलं की प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. पलीकडच्या मुलीने पोलीस केस आहे का असं विचारलं. तो म्हणाला, "नाही, खात्यांतर्गत."

तू पत्रात एक भाग वाच आणि एक वाचू नको असं लिहिलंस. पाकिटावर वेगळं काही लिहिलं नव्हतंस. या घरात येणारं टपाल आवक म्हणून दादाकडे जातं. त्याने ते फोडलं, कोपऱ्यात तारीख घातली आणि सुनावणीत पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घेतलं. प्रफुल्लकडून. तू जिन्यात बसून हसलीस तेही वाचलं गेलं.

सुनावणीला पंधरा-वीस माणसं होती. विहारातल्या दोन सतरंज्या आणल्या होत्या. दादा खुर्चीवर, गालाला फडकं. प्रफुल्लने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि माझी उलटतपासणी घेतली ती अशी.

"बाई, हा मलाट चांगल्या माणसातपन असतो?"

"असतो."

"तुमच्यात?"

"असेल."

"तुम्हाला गाठ हाय?"

"नाही."

"म्हणजे तोच माणूस, तीच खुर्ची, तेच बसणं. तुमच्याकडं त्याला कोन काय बोलत न्हाय आणि दादांकडं नोटीस."

मी म्हटलं की दादांच्या गालात तो प्रमाणाबाहेर होता.

"मोजला कोनी?"

कुणी मोजलेला नाही हे तूच लिहून दिलं आहेस.

"बरं, ते उंदरांचं परत वाचतो," असं म्हणून त्याने ते परत वाचलं. "त्याला काढून टाकलं तरी उंदरांचं काही अडलं न्हाय. म्हणजे त्याच्या असण्यानं काही होत न्हाय, नसण्यानं काही होत न्हाय. असल्या माणसावर वाढीचा आरोप? आणि दुसऱ्या डिपोत तर त्यानं पसरनं थांबवलं. त्याचं बक्षीस कुठंय?"

मनूबाई मध्येच म्हणाली, "गरिबाला असंच अडकवतात. बोलता येत न्हाय ना त्याला."

"मनूबाई, तो माणूस नाही," मी म्हटलं.

"मी कुठं म्हनते मानूस हाय. पन पगार न्हाय, पद न्हाय, आनि खापर त्याच्यावर. आमचा थोरला पंपावर होता तेव्हा असंच केलं त्याला."

यावर ओटीवरचं लोकमत पूर्ण फिरलं. दोघातिघांनी मलाटला माफ करावं असं सुचवलं. एकाने त्याला समज देऊन सोडावं म्हटलं. दादाने आरोपीचा खुलासा आला का असं विचारलं. प्रफुल्ल म्हणाला, "साहेब, त्याला प्रथिन बनवता येत न्हाय, तो खुलासा कशानं लिहिनार? मुदतवाढ द्या." दादाने दिली. चौकशी एकतर्फी चालवा असा माझा अर्ज फेटाळला. माझ्या भावाने माझा अर्ज फेटाळला, तोही लेखी.

मैत्री, यात मजा वाटण्यासारखं काही उरलेलं नाही. गालाच्या आतली जखम भरत आली आहे, तो पेज आणि मऊ भात खातो, चालतो, आणि रोज संध्याकाळी त्या खुर्चीत बसून एकेक दिवस वाया घालवतो. तूच लिहिलंस की उशीर चांगला नाही. आता एकच उपाय आहे. एका स्वच्छ कागदावर लिही: 'मलाट-१ दोषी आहे.' खाली सही कर, संस्थेचा शिक्का असेल तर मार. उंदीर नकोत, स्तनाचा कॅन्सर नको. निकाल लागला की दादा शिक्षा अमलात आणील, तो निकाल मोडणारा माणूस नाही. खोटं लिहायला मी तुला पहिल्यांदाच सांगते आहे, तेव्हा जास्त विचार करू नकोस.

क्रांतीआत्या


बोर्ली पंचतन
२० जानेवारी २०२५

मैत्री,

तीन गाड्या आल्या, एकीतही तुझा कागद नाही. दादाने आज प्रफुल्लला विचारलं की आरोपीला दुसऱ्या गालात बदली मागता येईल का. प्रफुल्ल विचार करून सांगतो म्हणाला. लवकर लिही.

क्रां.


खारघर
२२ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

या पाकिटावर 'गोपनीय, फक्त सादरकर्ता अधिकाऱ्यांसाठी' असं लिहिलं आहे. बाबा हे फोडणार नाहीत. नियम आहे.

तू मागितलेला कागद मी लिहायला घेतला होता. लिहिलासुद्धा. सही करता आली नाही. दर शुक्रवारी आमचे सर आम्हांला नेमकं तेच विचारतात जे प्रफुल्लकाकांनी तुला विचारलं. हा गाडीचा चालक आहे की प्रवासी? आमच्या क्षेत्रात खरंच हेच शब्द वापरतात. गाठीत सापडला म्हणून तो गाठ चालवत होता असं होत नाही, नुसता बसलेलाही असू शकतो. काही लांब आरएनए पक्के चालक वाटतात, काही उलट गाठीला आवर घालणारे निघाले, आणि मलाटसारख्यांवर दोन्ही बाजूंनी कागदांचे ढीग आहेत. मी ज्याच्यामागे चार वर्षं आहे तो कोणत्या बाजूचा हे मला अजून माहीत नाही. मी बाबांना खोटा निकाल दिला तर उद्या खरा कशाच्या जोरावर देऊ?

आणि दुसरी एक गोष्ट आहे. ती मी तुला कधी सांगितली नाही. बाबांनी सांगू नको म्हटलं होतं.

आई आजारी होती तेव्हा तू पेणला नोकरीवर होतीस, सुट्टीत यायचीस. बाबांनी तेव्हा एकही प्रश्न विचारला नाही. जो कागद पुढे येईल त्यावर उभ्याउभ्या सही. ऑपरेशन, केमो, शेक, सगळं. तू म्हणायचीस, दादा किती धीराचा आहे. ती गेली त्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना एवढंच विचारलं, "हिला का झालं? ही तर मशेरीसुद्धा लावत नव्हती." डॉक्टर दमलेले होते, वाईट माणूस नव्हता. ते म्हणाले, "होतं असं कधीकधी."

परत येताना गाडी माणगावला थांबली. तेव्हा बाबा मला म्हणाले, "साध्या शिपायाला घरी पाठवताना आम्ही कारण लिहायचो. भिमाचं कारण कुणी लिहिलं नाही."

आत्या, मी या विषयात का आले हे मुलाखतीत विचारलं तेव्हा मी भलतंच काहीतरी सांगितलं होतं. खरं कारण ते वाक्य आहे. आणि तुझं पहिलं पत्र वाचून मी हसत बसले. त्यांना आरोपी नको आहे, त्यांना कारण हवं आहे, आणि यावेळी ते घेतल्याशिवाय सही करणार नाहीत. माझ्याकडे ते नाही. डॉक्टरांच्या जागी आता मी आहे आणि मलाही तेच म्हणावं लागणार, होतं असं.

फक्त एक गोष्ट त्यांना कशी समजावायची ते बघ. शेक म्हणजे कुणाला दोषी ठरवणं नाही. ऑपरेशननंतर काही पेशी मागे उरल्या असतील तर त्यांना थांबवणं आहे. उरल्यात की नाहीत हे आज कुणालाच सांगता येत नाही, कुठल्याही मशीनला नाही. दोष कुणाचा ते पुढे कळेल न कळेल. थांबवायचं ते आधी थांबवावं लागतं.

मी सरांच्या हातापाया पडून ३१ तारखेची वेळ मिळवली आहे. त्यानंतर बरेच दिवस जागा नाही.

मैत्री


बोर्ली पंचतन
२९ जानेवारी २०२५

चि. मैत्री,
जयभीम.

तू खोटं लिहिलं नाहीस हे बरं केलंस. मी सांगितलं म्हणून लिहिलं असतंस तर मला तुझी जास्त काळजी वाटली असती.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दादाच्या फळीवरचं सेवाशर्तींचं पुस्तक काढलं. 'थांबवणं' हा शब्द तू वापरलास. त्याच्या खात्यात थांबवण्याला वेगळी तरतूद आहे. काल संध्याकाळी मी उभी राहिले आणि म्हटलं, "सादरकर्ता अधिकारी शिक्षेची मागणी मागे घेत आहेत. आरोपीला चौकशी होईपर्यंत निलंबित करावं."

प्रफुल्ल उठला. "खुलासा आल्याशिवाय?"

"निलंबनाला खुलासा लागत नाही," मी म्हटलं. "निलंबन ही शिक्षा नाही. पुस्तकात आहे. दादा, आहे की नाही?"

दादाने माझ्या हातातून पुस्तक घेऊन ते पान पाहिलं. मग म्हणाला, "आहे."

"आरोपी जागेवर राहून आणखी लोकांना कामाला लावील अशी भीती असेल तर आधी निलंबन, मग चौकशी. तू स्वतः किती काढलेस असे आदेश?"

"पुष्कळ." मग तो म्हणाला, "पण बाय, निलंबन करून माणसं चौकशी विसरतात. फाइल पडून राहते. कारण लिहायचं राहूनच जातं."

मैत्री, तू ते गाडीतलं लिहिलं नसतंस तर मी इथे त्याच्यावर ओरडले असते. मी म्हटलं, "चौकशी चालू राहील. तुझी मुलगी चालवते आहे. ती त्या संस्थेत दुसरं काय करते?"

"किती वर्षं लागतील तिला?"

"तुझ्या खात्यात किती लागायची?"

"एकीला अकरा लागली होती. मूळ कर्मचारी तोवर निवृत्त झाला."

"मग तिला घाई करू नकोस."

त्यावर तो हसला. गाल ओढला गेला म्हणून हात लावला आणि त्याच हातामागून त्याने विचारलं, "भिमाचं पण घेईल का त्यात?"

ओटीवर सगळे होते. मी घेईल म्हणून सांगितलं. तुला न विचारता कबूल केलं आहे, आता तू बघ.

पुढचं सगळं प्रफुल्लशी भांडण्यात गेलं. त्याने आरोपीच्या वतीने निर्वाह भत्ता मागितला. निलंबित माणसाला उपाशी ठेवता येत नाही, हे त्याचं म्हणणं नियमाला धरून आहे. तेव्हा शेक चालू असताना तोंड आलं, गिळवेना, तरी दादाने रोज खायचं, कारण भत्ता त्याच्याच तोंडून दिला जाणार आहे. हे दादाने स्वतः लिहून घेतलं. दर तीन महिन्यांनी निलंबनाचा आढावा घ्यावा अशी प्रफुल्लची दुसरी मागणी होती. तुझ्या डॉक्टरांनाही तपासणीसाठी साधारण तेवढ्यानेच बोलवायचं असतं ना? मी लगेच मान्य केली.

शेवटची अट दादाने घातली. निलंबन काळात आरोपीने पूर्वपरवानगीशिवाय मुख्यालय सोडू नये. मुख्यालय: डावा गाल.

प्रफुल्ल म्हणाला, "साहेब, मानेपर्यंत तरी जाऊ द्या. माणूस एका जागी किती बसेल?"

"नाही."

"बरं, तातडीच्या कामाला?"

"फुप्फुस नाही, यकृत नाही, मान नाही. सही करा."

त्याने केली. मनूबाईने अंगठा लावला, तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "बसला असू दे तिथंच बापडा. पन हलू नको म्हनावं."

उद्याच्या पहिल्या गाडीने दादाला प्रफुल्लबरोबर पाठवते. त्याला गाडी लागते, खिडकीजवळ बसवायला सांगितलं आहे. मी येत नाही कारण दादा नको म्हणाला. घर उघडं राहायला हवं, असं कारण दिलं. मी ते मान्य केलं आहे. तुझा नंबर प्रफुल्लकडून चिठ्ठीवर लिहून पाठव, आता तू साक्षीदार राहिली नाहीस.

तोंड कोरडं पडलं की तो कुणाला सांगत नाही. विचारत जा.

तुझी,
क्रांतीआत्या

सोबत ताबा पावती. मिळाल्यावर सही करून प्रफुल्लबरोबर परत पाठव.


ताबा पावती

देणार: क्रांती सखाराम तांबे, बोर्ली पंचतन. नेणार: प्रफुल्ल. घेणार: मैत्री धर्माजी तांबे, खारघर.

१. धर्माजी सखाराम तांबे, एक. डाव्या गालावर टाक्यांचा व्रण. बोलणं अस्पष्ट, पण चालू.

२. हलणारे दात, वरील इसमाच्या तोंडात. दाताच्या डॉक्टरांनी काढल्यास परत मागू नयेत असं बजावलं आहे. तरी मागेल.

३. नाचणीचं सत्त्व, स्टीलच्या डब्यात. निर्वाह भत्त्यापोटी. डबा परत यावा.

४. तंबाखूची डबी. मोकळी आहे, असं त्याचं म्हणणं.

५. दोन लुंग्या, शाल, कानटोपी, चष्मा.

६. भिमाबाई धर्माजी तांबे यांच्या तपासण्यांचे कागद, पिशवीसह. दादाने कपाटाच्या वरच्या खणातून स्वतः काढले आणि पुसून दिले. चौकशीत सामील करण्यासाठी.

७. मलाट-१, निलंबित. मागे उरला आहे की नाही, हे देणाऱ्याला सांगता येत नाही.

क्रांती तांबे
३० जानेवारी २०२५

वरील सर्व मिळालं. क्र. १ ला गाडी लागली नाही. क्र. ४ मोकळी नव्हती, आता आहे. क्र. ६ माझ्या टेबलाच्या खणात ठेवलं. क्र. ७ पाहता आला नाही. आहे असं धरून ताब्यात घेतला.

मैत्री तांबे
खारघर, ३० जानेवारी २०२५